खाज आणि पांढरं जाणं थांबतच नाही? दुसरी ट्यूब आणण्याआधी हे वाचा

तक्रार बहुतेक वेळा अशीच सुरू होते. खाज सुटते, अंगावरून पांढरं जायला लागतं, लघवी करताना बाहेरच्या बाजूला झोंबतं. शेजारणीनं किंवा बहिणीनं सांगितलेली ट्यूब आणली जाते, नाहीतर मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून आत ठेवायच्या गोळ्या. तीन दिवसांत बरं वाटतं. महिना-दीड महिन्यानं पुन्हा तेच. मग ‘जरा स्ट्राँग द्या’ अशी मागणी होते आणि दरवेळी औषध बदलत राहतं.

मी फार्मासिस्ट आहे, औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. या औषधांबद्दल बायका हळू आवाजात बोलतात. दुकानात पुरुष उभे असतील तर नुसता मोबाइलमधला फोटो पुढे करतात. कित्येकदा औषध न्यायला नवरा किंवा मुलगा येतो, म्हणजे जिनं ते वापरायचं तिला दोन गोष्टी सांगायची सोयच राहत नाही. खोक्यातला माहितीचा कागद इंग्रजीत, तोही बारीक अक्षरात. काउंटरवर जे सांगायचं राहून जातं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

औषध ‘कमी पॉवरचं’ होतं म्हणून त्रास परत आला, असं फार थोड्या वेळा घडतं. बहुतेक वेळा आजार वेगळाच असतो आणि औषध वेगळ्या आजाराचं. किंवा औषध बरोबर असतं, पण जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही, किंवा पुरेसे दिवस घेतलं जात नाही. आणि काही जणींच्या बाबतीत शरीरातलं मूळ कारण तसंच राहिलेलं असतं. म्हणून नवी ट्यूब आणण्याआधी यातलं आपलं काय चुकतंय ते शोधायचं.

आधी हे ठरू द्या: आहे काय?

थोडा स्राव प्रत्येक स्त्रीला होतो आणि तो आजार नाही. पाळीच्या दोन तारखांच्या मध्यावर तो पातळ, पारदर्शक आणि ताणला जाणारा असतो. पुढच्या दिवसांत घट्ट आणि पांढरट होतो. गरोदरपणात वाढतो. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, तर त्यावर औषध घालायचं कारणच नाही. ‘पांढरं गेलं की अशक्तपणा येतो’ या समजुतीपायी कित्येक मुली वर्षानुवर्षं औषधं घेत राहतात. थकव्याची तक्रार असेल तर हिमोग्लोबिन तपासायला हवं.

खरा संसर्ग असेल तर तो प्रामुख्यानं तीन प्रकारचा. पहिला कॅन्डिडा या बुरशीचा. यात खाज फार असते, स्राव फाटलेल्या दह्यासारखा घट्ट, वास जवळजवळ नसतो, बाहेरची त्वचा लाल होते, कधी बारीक भेगा पडतात. दर चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. दुसरा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, ज्याला डॉक्टर नुसतं बीव्ही म्हणतात. यात स्राव पातळ आणि राखाडी-पांढरा असतो, मासळीसारखा वास येतो आणि तो संबंधांनंतर किंवा पाळीच्या वेळी वाढतो. खाज फारशी नसते. तिसरा ट्रायकोमोनास या एकपेशीय जंतूचा, जो शरीरसंबंधांतून येतो. स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ, सोबत आग आणि वास.

कागदावर हे तिन्ही वेगळे दिसतात. प्रत्यक्षात ते इतके सरळ वेगळे नसतात, दोन एकदम असू शकतात, आणि नुसत्या लक्षणांवरून डॉक्टरांनाही फसायला होतं. अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ‘मला बुरशीचंच इन्फेक्शन आहे’ अशी खात्री असलेल्या आणि दुकानातून स्वतःच औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली, तर जेमतेम एक तृतीयांश जणींनाच निव्वळ बुरशीचा संसर्ग निघाला. बाकीच्यांत कुणाला बीव्ही, कुणाला मिश्र संसर्ग, आणि काहींना तर काहीच झालेलं नव्हतं.

हे ठरवणारी तपासणी साधी आहे. डॉक्टर योनिमार्गातल्या स्रावाचा नमुना कापसाच्या काडीवर घेतात, त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, कागदी पट्टीवर बघतात आणि एक थेंब काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पाळी चालू असलेल्या वयात निरोगी योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो, कारण तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. बुरशीच्या संसर्गात तो बहुधा तसाच राहतो. बीव्ही आणि ट्रायकोमोनासमध्ये ४.५ च्या वर जातो. एवढ्या एका आकड्यानं निम्मा गोंधळ मिटतो, आणि तरीही गर्दीच्या ओपीडीत ही तपासणी राहून जाते. त्रास पहिल्यांदाच झाला असेल तर ते एक वेळ चालेल. वर्षात तिसऱ्यांदा आला असेल तर नाही. ‘डॉक्टर, स्लाइड बघून सांगाल का, नेमकं कोणतं इन्फेक्शन आहे?’ एवढं विचारायला संकोच करू नका.

तपासणीला जाण्याआधी दोन-तीन दिवस आत काहीही घालू नका, ना क्रीम ना गोळी. पाळी चालू असताना किंवा संबंधांच्या दुसऱ्याच दिवशी जाऊ नका, कारण रक्त आणि वीर्य दोन्हींमुळे पीएच वाढतो आणि निकाल चुकतो. त्या सकाळी आतून धुऊनही जाऊ नका. स्वच्छ होऊन जावं म्हणून बायका हे हमखास करतात आणि जो नमुना बघायचा तोच वाहून जातो.

‘सगळ्यावर चालणारी’ कॅप्सूल

आपल्याकडे क्लिंडामायसिन आणि क्लोट्रिमॅझोल एकत्र असलेली, तीन रात्री आत ठेवायची मऊ कॅप्सूल खूप खपते. एक औषध बीव्हीच्या जिवाणूंवर, दुसरं बुरशीवर. तपासणी न करता दोन्ही झाकले जातात, म्हणून ती लिहिणं सोपं. कधी कधी खरोखर मिश्र संसर्ग असतो आणि तिचा उपयोग होतो, हे मान्य. पण वारंवार होणाऱ्या त्रासात तिनं नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. कोणत्या घटकानं बरं वाटलं ते कधीच कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळीही अंदाजच. निव्वळ बुरशी असेल तर अँटिबायोटिकची गरज नव्हती, आणि अँटिबायोटिकनं चांगले जिवाणू घटले की बुरशी वाढायला जागा मिळते.

त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉइड मिसळलेली मलमं. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोनसारखं स्टेरॉइड, सगळं एका ट्यूबमध्ये. गजकर्णासाठी म्हणून घरात आणलेली ट्यूब खाली लावली जाते. खाज तासाभरात थांबते, म्हणून औषध गुणकारी वाटतं. स्टेरॉइड खाज दाबतं, सूज दाबतं, पण बुरशीशी लढणारी त्या जागेची ताकदही दाबतं. लावणं बंद केलं की त्रास दुपटीनं परत येतो. त्वचा पातळ पडते, रेघा उमटतात. या मलमांच्या गैरवापराविरुद्ध देशातले त्वचारोगतज्ज्ञ कित्येक वर्षं बोलत आहेत. घरातल्या ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. नावाच्या शेवटी ‘सोल’, ‘सोन’ किंवा ‘सोलोन’ दिसलं तर ते स्टेरॉइड असण्याची शक्यता आहे. फक्त ‘झोल’वर संपणारी नावं वेगळी, क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल ही बुरशीची औषधं आहेत. खात्री नसेल तर दुकानात विचारा.

याला एक अपवाद आहे. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या त्वचारोगात बाहेरच्या भागावर पांढरे, पातळ, चकचकीत चट्टे येतात आणि रात्री भयंकर खाज सुटते. त्यावर तीव्र स्टेरॉइड मलम हाच योग्य उपचार आहे, पण तपासून, ठरावीक मात्रेत आणि देखरेखीखाली. अशा कित्येक जणी वर्षानुवर्षं बुरशीची ट्यूब लावत राहतात आणि त्यांना बुरशी झालेलीच नसते.

औषध बरोबर आहे, पण पोचतं का?

काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ माझा याच प्रश्नात जातो, म्हणून सावकाश लिहिते.

क्लोट्रिमॅझोल १ टक्क्याचं साधं त्वचेचं क्रीम बाहेर लावलं की बाहेरची खाज शमते. संसर्ग मात्र आत, योनिमार्गात असतो. आत औषध न घालता नुसतं बाहेर लावत राहिलं तर महिन्याभरात परत येणारच. आत घालायचं क्रीम किंवा जेल वेगळं मिळतं, त्याच्यासोबत प्लास्टिकची नळी असते. गोळीही खास आत ठेवायची असते. ती तोंडानं घ्यायची नाही. हसू नका, असं नेहमी होतं, कारण पाकिटावर मराठीत काहीच लिहिलेलं नसतं आणि घरी नेणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

वेळ रात्री झोपायची. आधी लघवी करून या, हात साबणानं धुवा, नखं कापलेली असू द्या. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या, पाय थोडे फाकवा. गोळी नळीच्या टोकावर बसवून, दुखणार नाही अशा बेतानं जितकी आत जाईल तितकी न्या आणि मागचा दट्ट्या दाबा. नळी नसेल तर बोटानं, बोट पूर्ण आत जाईपर्यंत. नुसती योनीच्या तोंडाशी ठेवलेली गोळी उठल्याबरोबर बाहेर पडते. दिशा सरळ वर नाही, कंबरेच्या मागच्या बाजूकडे. गोळी घालण्याआधी क्षणभर पाण्यात बुडवली तर सरकायला सोपी जाते. नंतर उठायचं नाही, थेट झोपायचं. ज्या बायकांना गोळी ठेवल्यावर भांडी घासायला, मुलांचं दूध तापवायला परत उठावं लागतं, त्यांची अर्धी मात्रा पायांवरून ओघळून जाते. घरातली सगळी कामं आटोपल्यावरच औषध हातात घ्या, आणि त्या आठवड्यात ती कामं दुसऱ्या कुणावर सोपवता आली तर खरंच सोपवा.

सकाळी थोडं पांढरं बाहेर येणं स्वाभाविक आहे. ते औषधाचंच असतं, आजार वाढलेला नसतो. साधं पॅड लावा. टॅम्पून किंवा मेन्स्ट्रुअल कप नको, टॅम्पून औषध शोषून घेतो.

सकाळी गोळीचे तुकडे जसेच्या तसे बाहेर आले तर लक्ष द्या. गोळी विरघळायला योनीत ओलावा लागतो. पाळी थांबलेल्या स्त्रिया, बाळाला अंगावर पाजणाऱ्या आया, यांच्या बाबतीत कोरडेपणामुळे गोळी विरघळतच नाही आणि औषध वाया जातं. तीच गोळी पुन्हा आणून उपयोग नाही. डॉक्टरांना सांगून क्रीम घ्या.

पाळी दोन दिवसांवर आली असेल तर कोर्स सुरू करू नका, रक्तासोबत औषध वाहून जातं. पाळी संपल्यावर सुरू करा. मध्येच पाळी आली तर उरलेल्या दिवसांचं काय करायचं हे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा, स्वतःच बंद करून टाकू नका.

दिवसांचं गणित पाळायचं असतं. क्लोट्रिमॅझोलची ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी एका रात्रीचा पूर्ण उपचार असतो. १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहा किंवा सात रात्री लागतात. दोन्हीतला फरक न कळल्यानं १०० च्या दोन गोळ्या वापरून पाकीट कपाटात जातं, पुढच्या वेळी उरलेल्या चार. खाज तिसऱ्या दिवशी थांबते, बुरशी तिसऱ्या दिवशी संपत नाही. गरोदर असाल तर सात रात्रींचाच कोर्स, नळी जोरानं आत न ढकलता किंवा शक्य तर बोटानं, आणि डॉक्टरांना सांगूनच. तोंडानं घ्यायची फ्लुकोनॅझोलची गोळी गरोदरपणात टाळतात.

उपचार चालू असताना संबंध नकोत. आणखी एक गोष्ट दुकानात कुणीच सांगत नाही. यातली पुष्कळ क्रीम आणि कॅप्सूल तेलकट असतात आणि त्यांच्यामुळे रबराचा निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. क्लिंडामायसिन क्रीमचा हा परिणाम शेवटच्या मात्रेनंतर पाच दिवसांपर्यंत राहतो. औषध संपलं म्हणून लगेच निरोधावर भरवसा ठेवू नका.

हृदयाची झडप बदलली आहे किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन, ॲसिनोकुमरॉलसारखी गोळी चालू आहे, अशा स्त्रीनं मायकोनॅझोल आत घालण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. योनीतून शोषलं गेलेलं मायकोनॅझोलही रक्त जास्त पातळ करू शकतं. ‘वरून लावायचं तर आहे’ म्हणून ही औषधं बिनधास्त वाटतात, पण या बाबतीत तसं नाही.

लावल्यावर आग वाढते

पहिल्या दोन दिवसांत थोडी चुणचुण होऊ शकते, कारण त्वचा आधीच सोलवटलेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आग वाढतच असेल, सूज आली असेल, तर ते औषध थांबवा. क्रीममधला एखादा टिकवणारा पदार्थ किंवा औषध ज्यात मिसळलेलं असतं तो मूळ लेपच तुमच्या त्वचेला सोसत नसेल. अशा वेळी जास्त क्रीम लावणं म्हणजे आगीत तेल. काही दिवस फक्त साधं पाणी, सैल सुती कपडे, आणि डॉक्टरांची भेट.

धुण्याबद्दल इथेच सांगून टाकते. योनी आतून धुवायची नसते. डेटॉल किंवा सॅव्हलॉन घातलेलं पाणी, तुरटीचं पाणी, सुगंधी वॉश, यांतलं काहीही आत जाता कामा नये. त्यांनी लॅक्टोबॅसिलस मरतात, त्वचा भाजते आणि बीव्हीला वाट मोकळी होते. बाहेरून साधं पाणी पुरेसं आहे. जाहिरातीत दिसणारे महागडे इंटिमेट वॉश उपचार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. दही किंवा लसणाची पाकळी आत ठेवण्याचे उपाय मोबाइलवर फिरतात. लसणानं भाजतं. दही खा, आत घालू नका.

बुरशी पक्की आहे, औषधही नीट घेतलं, तरी परत येते

वर्षाच्या आत तीन किंवा त्याहून जास्त वेळा लक्षणांसह बुरशीचा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा कॅन्डिडा म्हणतात आणि त्याचा उपचार एका कोर्सनं होत नाही. इथे आधी नमुन्याचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिची जात ओळखायची तपासणी, करून घ्यायला हवं. बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात निघते. कधी ग्लाब्राटा किंवा क्रुसेई निघते आणि त्यांच्यावर नेहमीची औषधं नीट चालत नाहीत. ग्लाब्राटासाठी डॉक्टर कधी ६०० मिलिग्रॅम बोरिक ॲसिडची योनीत ठेवायची कॅप्सूल तीन आठवडे देतात. ते वाचून घरातली कॅरम बोर्डाची किंवा तांदळाला लावायची बोरिक पावडर वापरू नका. तोंडातून गेली तर ती विषारी आहे, गरोदरपणात वर्ज्य आहे, आणि आत किती घालायची हे चिमटीनं मोजता येत नाही.

अल्बिकन्स असेल तर उपचाराचे दोन टप्पे असतात. आधी सात ते चौदा दिवस आत औषध, किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी एकेक. त्यानं बरं वाटल्यावर थांबायचं नाही. पुढे सहा महिने आठवड्यातून एकदा फ्लुकोनॅझोल. ते चालत नसेल तर आठवड्यातून एकदा आत ठेवायची ५०० मिलिग्रॅमची क्लोट्रिमॅझोलची गोळी, असाही पर्याय वापरतात. सहा महिने ऐकून बायका दचकतात, पण दर दोन महिन्यांनी नवी ट्यूब घेण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी शहाणपणाचा वाटतो. बंद केल्यावर काही जणींना पुन्हा त्रास होतो, हेही आधीच माहीत असू द्या, म्हणजे खचायला होणार नाही. हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या. फ्लुकोनॅझोलचं इतर कित्येक गोळ्यांशी जमत नाही.

त्याच सुमारास साखर तपासा. उपाशीपोटीची आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), दोन्ही. वारंवार होणारी खाज हे मधुमेहाचं पहिलं लक्षण असू शकतं. आधीच मधुमेह असेल तर गोळ्यांची नावं बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या साखरेवर बुरशी पोसते, आणि जननेंद्रियांचा बुरशीचा संसर्ग हा या गटाचा सर्वांत ठळक दुष्परिणाम आहे. २०२० साली डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यापासून ती आपल्याकडे खूप स्वस्त झाली आणि आता गावोगावी दिली जाते. हृदयाला आणि मूत्रपिंडाला तिचा मोठा फायदा आहे, म्हणून स्वतःहून बंद करू नका. पण खाज ती गोळी सुरू झाल्यानंतर सुरू झाली का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. स्त्रीरोगतज्ज्ञांना मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना खाजेबद्दल आपण सांगत नाही. मग दोन चिठ्ठ्या एकमेकींना कधी भेटतच नाहीत.

दर सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक घेण्याची सवय असेल तर तीही इथेच मोजा. आणि कपडे. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत आतले कपडे वाळत नाहीत. शिवाय ते दिसू नयेत म्हणून साडीखाली किंवा टॉवेलखाली घालतात, मग आणखीच दमट राहतात. उघड्यावर, उन्हात वाळवा. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. यानं आजार बरा होत नाही, पण ओलसर कपड्यात सोललेली त्वचा भरून येत नाही.

नवऱ्याला लक्षणं नसतील तर बुरशीसाठी त्याला औषध देण्याची गरज सहसा नसते. त्याला लाली, खाज असेल तर द्यावं.

वास जात नाही

वासाची तक्रार असेल आणि तुम्ही बुरशीची ट्यूब लावत असाल तर थांबा. बीव्हीवर क्लोट्रिमॅझोलचा उपयोग नाही. त्यासाठी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या सात दिवस, किंवा ०.७५ टक्क्यांचं मेट्रोनिडॅझोल जेल पाच रात्री, किंवा २ टक्क्यांचं क्लिंडामायसिन क्रीम सात रात्री. बीव्ही परत येण्यात मोठा चिवट. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा होतो, कारण त्याचे जिवाणू योनीच्या अस्तरावर चिकट थर धरून राहतात. सतत होणाऱ्यांना डॉक्टर मूळ कोर्सनंतर तेच जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने देतात.

जोडीदाराबद्दलची समजूत अलीकडे बदलली आहे. ऑस्ट्रेलियात झालेली एक चाचणी मार्च २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. एकनिष्ठ जोडप्यांतल्या पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं, तेव्हा १२ आठवड्यांत ३५ टक्के स्त्रियांना बीव्ही परत झाला. फक्त स्त्रीवर उपचार केलेल्या गटात तो ६३ टक्क्यांना झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. वारंवार बीव्ही होत असेल तर ही गोष्ट डॉक्टरांपुढे काढा, आणि नवऱ्याला सोबत न्या. बाईनं एकटीनं वर्षभर औषध घ्यायचं आणि दुसऱ्यानं काहीच नाही, हे आता चालणारं नाही.

ट्रायकोमोनास निघाला तर कुठलीही ट्यूब पुरत नाही. हा जंतू मूत्रमार्गात आणि आजूबाजूच्या ग्रंथींतही दडतो, तिथे आत घातलेलं जेल पोचत नाही. मेट्रोनिडॅझोल तोंडानंच घ्यावं लागतं, जोडीदारालाही त्याच वेळी द्यावं लागतं, दोघांचा उपचार होईपर्यंत संबंध बंद, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

पाळी थांबल्यानंतरची खाज

पन्नाशीनंतर कोरडेपणा, जळजळ, संबंधांत दुखणं, वारंवार लघवीला जावंसं वाटणं, हे बहुधा संसर्गाचं नसतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्यानं अस्तर पातळ होतं, पीएच वाढतो. बुरशीची क्रीमं इथे आग वाढवतात. डॉक्टर तपासून इस्ट्रिओलचं क्रीम देतात, आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा. आजी, मावशी, आई यांच्यापैकी कुणी ‘या वयात हे कसं सांगायचं’ म्हणून गप्प असेल तर तुम्ही विचारा. पाळी थांबल्यानंतर एकदाही रक्ताचा डाग दिसला तर मात्र क्रीमची वाट बघू नका, सरळ तपासणीला न्या.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि त्याआधी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. तेव्हापासून औषधांची दुकानं खूप वाढली, ट्यूब हाताशी आल्या. तपासणीच्या टेबलापर्यंतचं अंतर मात्र अजून फार कमी झालेलं नाही.

जायचं कुठे, न्यायचं काय

खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं, आणि गोपनीयता पाळली जाते. पांढरं जाण्यासाठी तिथे हिरव्या रंगाचं किट देतात, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं, म्हणजे एकाच वेळी तिन्ही संसर्गांवर औषध. पहिल्या वेळेला ते ठीक. तुम्हाला हे परत परत होतंय, हे तिथे स्पष्ट सांगा आणि स्लाइडची तपासणी मागा. संकोच वाटत असेल तर आशाताईंना सोबत घ्या.

जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकामी पाकिटंसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. इतर आजारांच्या गोळ्यांच्या पट्ट्याही. कागदावर लिहा: त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, पाळीच्या आधी की नंतर, कोणतं औषध किती रात्री घेतलं, किती दिवस बरं राहिलं. डॉक्टरांना यातून जितकं कळतं तितकं ‘सारखं होतं हो’ या वाक्यातून कळत नाही.

ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधांनंतर रक्त जाणं, बाहेर फोड किंवा जखम, गरोदरपणात पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही असेल तर दुकानात येऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा.